बेसॉल्टच्या शहरात बसून चुनखडकाचा अभ्यास (आणि आईच्या ओट्यावरचा डाग)

जिऑलॉजीला ॲडमिशन घेतलेल्या पोरापोरींचे अधूनमधून मेसेज येतात, ताई कार्बोनेट (म्हणजे चुनखडक आणि त्याचे भाऊबंद) म्हणजे नक्की काय करतेस, डायव्हिंग असतं का, जॉब मिळतो का. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. डायव्हिंग नसतं. म्हणजे काही जणांचं असतं, माझं नाही, माझं नव्वद टक्के काम मायक्रोस्कोपखाली आणि उरलेलं एक्सेलमध्ये.

मुंबईत प्लॅटफॉर्म म्हटलं की एकतर दादरचा नाहीतर स्वयंपाकघरातला. आमचा तिसरा, कार्बोनेट प्लॅटफॉर्म. गरम, उथळ, स्वच्छ पाण्याच्या समुद्रात प्रवाळ, शिंपले, शेवाळ, फोरॅमिनिफेरा (कवचवाले एकपेशीय जीव) असले जीव चुना तयार करतात, मरतात, तो चुना साचत जातो आणि लाखो वर्षांनी सपाट पठार तयार होतं, वर थोडंसं पाणी आणि खाली नुसता चुनखडक. बहामाला बऱ्याच ठिकाणी पाणी दहा मीटरपण नाही आणि खाली चुनखडकाची जाडी चार किलोमीटरच्या वर. हे सगळं बनवणारं कोण तर बोटाच्या पेरावर मावणारे जीव, म्हणून पहिलीच गोष्ट सांगते, बारावीला बायो सोडलं म्हणून सुटलो असं समजू नका, मी समजले होते आणि एमएस्सीला रात्री जागून शेवाळांची नावं पाठ केली.

मुंबईत प्रॉब्लेम असा की इथे चुनखडक बघायलाच मिळत नाही. बीएस्सीच्या फील्ड ट्रिपा म्हणजे गिल्बर्ट हिल, कान्हेरी, माळशेज, सगळीकडे बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा खडक. चुनखडक फक्त लॅबच्या ट्रेमध्ये, नंबर चिकटवलेला. मग आमचे एक सर म्हणाले की अगं घरचा ओटा कसला आहे बघ. कडप्पा! काळा कडप्पा म्हणजे चुनखडक, जुन्या चाळीतली शहाबादी फरशी पण चुनखडकच. मी लॅबमधून ड्रॉपरच्या बाटलीत डायल्यूट ॲसिड घरी आणलं (हे करू नका) आणि ओट्यावर एक थेंब टाकला, मस्त फसफसलं, पुसलं तर पॉलिश गेलेला पांढुरका डाग. आई अजून त्यावर पोळपाट ठेवते. लिंबू सांडलं की ओट्याला डाग पडतो हे तिला आधीपासून माहीत होतंच, फक्त त्याला केमिस्ट्री म्हणतात हे माहीत नव्हतं. आणि हो, कडप्प्यात फॉसिल शोधत बसू नका, तो इतका जुना आहे की तेव्हा शिंपलेवाले प्राणीच नव्हते.

आता खरा किस्सा. पहिल्या इंटरव्ह्यूला, कंपनीचं नाव नको, मला विचारलं की इथून सगळ्यात जवळचा कार्बोनेट प्लॅटफॉर्म कुठला. मी झटकन बहामा. मग चेहरे बघून लक्षद्वीप. पॅनलमधल्या एका सरांनी खिडकीकडे बोट केलं, बाहेर समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसत होते. म्हणाले, पश्चिम तिकडे, १६० किलोमीटर. बॉम्बे हाय! लहानपणापासून ऐकलेलं नाव, १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगवरून तेल सापडलं, १९७६ ला उत्पादन सुरू, हे सगळं जीकेमध्ये घोकलेलं. पण ते तेल ज्यात आहे तो मायोसीन काळातला (२.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा) चुनखडक म्हणजे गाडला गेलेला उथळ समुद्राचा प्लॅटफॉर्म आहे हे दोन आणि दोन मी कधी जोडलंच नव्हतं. समुद्राची पातळी खाली गेली की तो चुनखडक उघडा पडायचा, पावसाचं पाणी त्याला विरघळवून भोकं पाडायचं, पातळी वर आली की परत नवा थर. त्या भोकांमध्ये तेल. पुढे वरून चिखल बसला, त्याचं झाकण झालं. तो जॉब मिळाला नाही, अर्थातच.

त्याच शेल्फवर (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर) बाहेरच्या बाजूला, मुंबई-सौराष्ट्रासमोर, फिफ्टी फॅदम फ्लॅट नावाचा आणखी एक प्लॅटफॉर्म आहे आणि तो गाडलेला नाही, तळावरच आहे. पन्नास फॅदम म्हणजे साधारण ९१ मीटर. गोव्याच्या एनआयओवाल्यांनी (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) यावर बरंच काम केलंय. तिथे ऊइड सापडतात. ऊइड म्हणजे साबुदाण्यासारखे गोल कण, पण खूपच बारीक, एकावर एक चुन्याचे पापुद्रे चढलेले, आणि ते बनतात लाटांनी ढवळल्या जाणाऱ्या काही मीटर पाण्यात. मग इतक्या खोल कसे? कण खाली गेले नाहीत, समुद्र वर आला. २० हजार वर्षांपूर्वी हिमयुगात पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती आणि नंतर चढत गेली. नर्मदा-तापीचा गाळ मुख्यत्वे किनाऱ्याकडेच राहतो म्हणून तिथे हे अजून झाकलं गेलेलं नाही. जुहूला उभं राहून मळकट पाणी बघताना हे खरं वाटत नाही.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं. सह्याद्रीचा बेसॉल्ट ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतणारा हॉटस्पॉट, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहण्याची जागा, तो आज हिंद महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. मधल्या काळात भारताची प्लेट उत्तरेला सरकत गेली आणि मागे ज्वालामुखींची रांग राहिली, लक्षद्वीप, मालदीव, चागोस. ते ज्वालामुखी खचले आणि वर चुनखडक चढत गेला. ग्रेट चागोस बँक (बँक म्हणजे पाण्याखालचं उथळ पठार) १२ हजार चौरस किलोमीटरच्या वर, पण पाण्याबाहेर बेटं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. साया दि माल्हा ही हिंद महासागरातलीच दुसरी बँक तर सुमारे ४० हजार, दहा गोवे मावतील, आणि कोरडी जमीन शून्य. चागोस आणि साया दि माल्हा आधी एकत्र होते, मध्ये समुद्रतळ फाटत गेला आणि लांब झाले. म्हणजे आमच्या बेसॉल्टला कंटाळलेल्या मला कळलं की चुनखडकाच्या तळाशी पण आमच्याच बेसॉल्टचं भावंड बसलंय.

हे प्लॅटफॉर्म बुडतात कसे, हा या विषयातला मोठा प्रश्न. सगळे म्हणतात पाणी वाढलं, बुडला. पण प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर चढू शकतात आणि तळ खचतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी वेगाने, मग बुडायलाच नको. श्लागर या भूवैज्ञानिकांनी १९८१ मध्ये हा विरोधाभास मांडला. उत्तर बहुतेक वेळा असं की आधी चुना बनवणाऱ्या जीवांचा कारखाना आजारी पडतो, पाण्यात खत जास्त होतं, गढूळ होतं, थंड होतं, मग तो मागे राहतो. मालदीवला २०१५ मध्ये जॉइडीस रेझोल्यूशन या संशोधन जहाजाने ड्रिलिंग केलं तेव्हा दिसलं की साधारण १.३ कोटी वर्षांपूर्वी मान्सूनच्या वाऱ्यांमुळे समुद्रात जोरदार प्रवाह सुरू झाले आणि प्लॅटफॉर्मचे काही भाग त्यातच बुडाले. म्हणजे दरवर्षी आपली लोकल बंद पाडणारा मान्सूनच. त्या जहाजाचं ड्रिलिंग २०२४ ला थांबलं, पण हिंद महासागरातले कोअर (ड्रिल करून काढलेले खडकाचे लांब दांडे) जपानच्या कोची कोअर सेंटरला आहेत (केरळचं कोची नाही, मी आधी ट्रेनचं तिकीट बघितलं होतं) आणि रिसर्चसाठी सॅम्पल मागता येतात.

रोजचं काम सांगते. खडकाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती, मायक्रोस्कोप, आणि प्रश्न एकच, कण एकमेकांना टेकलेत की चिखलात तरंगतायत. डनहॅमचं १९६२ चं चुनखडकांचं वर्गीकरण मुख्यतः यावरच उभं आहे. मी पहिले दोन आठवडे पेलॉइडना (पापुद्रे नसलेले चुन्याचे गोल कण) ऊइड म्हणून मोजले, म्हणजे बऱ्याच अंशी किड्यांची विष्ठा मोजली, सगळा डेटा परत. मग ॲलिझरीन नावाच्या रंगाने रंगवताना (कॅल्साइट आणि डोलोमाइट ही चुनखडकातली दोन खनिजं, कॅल्साइट लाल होतो, डोलोमाइट होत नाही), तीस सेकंद ठेवायची चकती फोन आला म्हणून विसरले, द्रावणात ॲसिड असतं, चकतीच गेली. फोन बॅगेत ठेवा.

रस्ते: बीएस्सी मुंबईत झेवियर्सला आहे, मग जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटी बॉम्बेचं अप्लाइड जिऑलॉजी किंवा दुसरीकडे. तेल कंपन्यांसाठी कधीकधी गेट परीक्षेचा जीजी (जिऑलॉजी-जिओफिजिक्स) पेपर, जीएसआयसाठी (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा (त्यांच्याकडे समुद्र रत्नाकर हे जहाज आहे), पीएचडीसाठी नेट. फ्रेशर म्हणून मडलॉगिंग (विहिरीतून वर येणारा खडकाचा चुरा, म्हणजे कटिंग, तपासून नोंदवणं) मिळू शकतं, रिगवर साधारण चौदा दिवस, बारा तासांची शिफ्ट, जुहूवरून हेलिकॉप्टर, आधी सी सर्व्हायव्हल ट्रेनिंग ज्यात तुम्हाला पाण्यात उलटं करतात, माझं तिथे नाकात पाणी गेलं. घरचे म्हणतील मुलगी आणि रिग, तर रिगवर मुली असतात, कमी असतात. हँडलेन्स दहापटीचीच घ्या, वीसपटीची घेतलीत तर ओल्या कटिंगवर फोकस करता करता पुढचं सॅम्पल येऊन पडतं.