प्रदूषित हवेत त्वचेची निगा: घासण्यापेक्षा राखणे महत्त्वाचे

दिवसभर रहदारीच्या रस्त्यावर वावरून घरी परतल्यावर चेहऱ्यावरचा काळपट थर पाहून बहुतेक जण साबणाने दोन-दोनदा चेहरा घासून काढतात. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. मात्र प्रदूषण त्वचेचे जे संरक्षक आवरण आधीच कमकुवत करते, तेच आपण घासून आणखी झिजवतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच धूळ अधिक उघड्या पडलेल्या त्वचेवर बसते.

हवेतील सूक्ष्म कणांपैकी ज्यांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो, ते केसाच्या जाडीच्या तुलनेत कितीतरी पटींनी लहान असतात. खरा उपद्रव कणापेक्षा त्याला चिकटून आलेल्या रसायनांचा असतो. अपूर्ण ज्वलनातून तयार होणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बन्स स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात, त्यामुळे ती त्वचेच्या तेलकट थरातून आत झिरपतात आणि पेशींतील एका विशिष्ट ग्राहीला (अशी रसायने ओळखणाऱ्या प्रथिनाला) जागे करतात. त्यातून दाह वाढतो, रंगद्रव्य अधिक तयार होते आणि त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन तोडणारी विकरे (एन्झाइम्स) सक्रिय होतात. ओझोनची रीत वेगळी आहे. तो फारसा खोल जात नाही, पण पृष्ठभागावरील स्क्वालीन या स्नेहद्रव्याशी त्याची अभिक्रिया होते आणि तेथील ‘ई’ जीवनसत्त्वाचा साठा घटतो. जर्मनीतील ७० ते ८० वर्षे वयाच्या सुमारे ४०० स्त्रियांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, काजळी व वाहनांच्या धुराचा संपर्क जास्त असलेल्यांच्या कपाळावर आणि गालांवर सुमारे २० टक्के अधिक डाग आढळले. हा केवळ परस्परसंबंध आहे, कारणाचा थेट पुरावा नव्हे. तरीही वर सांगितलेल्या प्रक्रियेशी तो जुळतो.

म्हणून पहिला नियम असा की, चेहरा संध्याकाळी घरी आल्यावर एकदाच, पण नीट धुवावा. साध्या साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) साधारणपणे ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास; त्यामुळे कमी सामूचा, फारसा फेस न करणारा सौम्य क्लीन्झर निवडावा, कोमट पाणी घ्यावे आणि बोटांच्या टोकांनी अर्धा-एक मिनिट हलके चोळून स्वच्छ पाण्याने धुवावे. चेहऱ्यावर मेकअप किंवा पाण्याने न निघणारे सनस्क्रीन असेल तर आधी तेलयुक्त क्लीन्झरने ते सैल करावे. टॉवेलने घासू नये, टिपावे. खरखरीत स्क्रब आणि कोळशाचे मास्क यांची गरज नसते. धुतल्यानंतर चेहरा ताणल्यासारखा वाटत असेल, तर क्लीन्झर किंवा धुण्याची पद्धत बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. कोरडी त्वचा असणाऱ्यांनी सकाळी नुसत्या पाण्याने चेहरा धुतला तरी चालते.

त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. सिरामाइड (त्वचेत मुळातच असणारे स्नेहद्रव्य) आणि ग्लिसरीन असलेले क्रीम बहुतेकांना पुरते. फार कोरड्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

सकाळच्या वेळी सनस्क्रीनला पर्याय नाही, कारण धुरातील काही हायड्रोकार्बन्स अतिनील-ए (यूव्हीए) किरण पडताच अधिक घातक होतात आणि दोन्हींचा एकत्रित परिणाम वेगवेगळ्या परिणामांपेक्षा मोठा असू शकतो. एसपीएफ ३० किंवा अधिक आणि अतिनील-ए पासूनही संरक्षण देणारे सनस्क्रीन घ्यावे, चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके लावावे आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. डाग पडण्याची प्रवृत्ती असल्यास लोह-ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण ते दृश्य प्रकाशही अडवते. त्याखाली ‘क’ जीवनसत्त्वाचे सीरम लावता येते. मात्र ते जळजळत असेल तर हट्ट धरू नये, नायसिनामाइड (‘ब-३’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) हा तुलनेने सौम्य पर्याय आहे. डब्यावर ‘प्रदूषणरोधक’ असे लिहिलेले असले तरी त्या शब्दामागे जगभर मान्य झालेली एकच कसोटी नाही, तेव्हा जाहिरातीपेक्षा घटकांची यादी वाचावी.

संपर्क कमी करणे हे वरील सर्वांपेक्षा परिणामकारक, पण नेहमी हाती नसणारे. ओझोन उन्हात तयार होत असल्याने त्याचे प्रमाण सहसा दुपारनंतर वाढते, तर थंडीतील वारा नसलेल्या सकाळी सूक्ष्म कण जमिनीलगत साचतात. बाहेरच्या व्यायामाची वेळ त्यानुसार निवडावी. चेहऱ्यावर बांधलेला रुमाल रोज धुवावा, अन्यथा तोच मळ त्वचेवर घासत राहतो. घरातील धूर, विशेषतः तंबाखूचा, यातून सुटत नाही.

इसबाच्या रुग्णांना प्रदूषण वाढलेल्या दिवसांत खाज उठू शकते; त्यांनी अशा वेळी नवी उत्पादने वापरून न पाहता मॉइश्चरायझरचे प्रमाण वाढवावे. पुरळ दोन आठवड्यांत न ओसरल्यास, त्यातून पाणी येऊ लागल्यास किंवा एखादा डाग आकार अथवा रंग बदलत असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.