घोडा घेतलात, त्याचा जुना केसपेपर कसा मिळवाल?

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजारातून किंवा जवळच्याच एखाद्या लग्नाच्या घोडीवाल्याकडून जनावर नागपुरात येतं, तेव्हा सोबत लगाम-खोगीर येतं. दवाखान्याचा कागद क्वचितच येतो. तो मागायची खरी वेळ पैसे मोजण्याआधीची. व्यवहार उरकल्यावर जुना मालक फोन उचलेलच असं नाही, आणि नोंदी त्याच्या नावावर असल्यामुळे त्याच्या सहीशिवाय डॉक्टर त्या सहसा देत नाहीत.

म्हणून शेवटची रक्कम हातात असतानाच संमतीपत्र लिहून घ्या. मजकूर एवढा पुरे: ‘माझा घोडा (रंग, खुणा, वय, मायक्रोचिप असल्यास क्रमांक) मी अमुक तारखेला अमुक यांना विकला. त्याच्या उपचार, लसी व तपासण्यांच्या नोंदींच्या प्रती त्यांना देण्यास माझी हरकत नाही.’ खाली मालकाची सही, मोबाइल नंबर आणि ओळखपत्राची प्रत. दलालाच्या सहीचा इथे उपयोग नाही. त्याच बैठकीत कोणत्या डॉक्टरांनी काय उपचार केले आणि साधारण कधी, तेही टिपून घ्या. दवाखान्याची नोंदवही तारखेनं आणि मालकाच्या नावानं चालते. ‘राजा नावाचा घोडा’ म्हणून विचाराल तर हाती काही लागणार नाही. ‘मागच्या दिवाळीनंतर पोटशूळ झाला होता’ म्हणाल तर दोन-चार पानं उलटून सापडेल.

जुना मालकच माहीत नसेल तर वाहतुकीचा कागद शोधा. १९७८ च्या पशु वाहतूक नियमांप्रमाणे घोडा नेताना पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र सोबत लागतं. त्यावर डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असतो, म्हणजे मागचा धागा तिथून हाती येतो. ट्रकवाल्याकडे त्याची प्रत असू शकते. थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) असेल तर पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे त्याची नोंद आणि पासपोर्ट (घोड्याची ओळखपुस्तिका) यांची चौकशी करा.

उपचार सरकारी दवाखान्यात झाले असतील तर आधी संमतीपत्र घेऊन थेट तिथल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे सरकारी पशुवैद्यकांना, भेटा. बहुतेक काम तिथेच होतं. नाहीच झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. संमतीपत्र जोडायला विसरू नका, नाहीतर त्रयस्थाची माहिती म्हणून अर्ज अडकतो.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. कागद मिळतो, पण तो याच घोड्याचा असतो का? पंचकल्याणी लिहिलं असेल तर चारही पाय आणि कपाळ पांढरं हवं. पाय तीनच पांढरे असतील तर तो कागद दुसऱ्याचा. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांची जागा आणि जुन्या जखमांचे व्रण जुळवा. चिप मानेच्या डाव्या बाजूला असते, क्रमांक १५ अंकी. स्कॅनर एकदाच झटकन फिरवून चालत नाही, मानेवर हळूहळू दोन-तीनदा फिरवावा लागतो. वयही दातांवरून ताडून पाहा: कोपऱ्याचे कायमचे दात साधारण साडेचार वर्षांनी येतात. कागदावर तीन वर्षं आणि तोंडात सगळे कायमचे दात असतील तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नोंदींत चार गोष्टी आधी पाहा: ग्लँडर्सचा (घोड्यांचा संसर्गजन्य जिवाणूजन्य रोग) तपासणी अहवाल, सर्रा (माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग) झाला होता का आणि कोणतं औषध दिलं, पोटशूळाची शस्त्रक्रिया, आणि लंगडण्यावर फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलं होतं का. सर्रा बरा झाल्यासारखा वाटून उलटू शकतो. फिनाइलब्युटाझोन दुखणं झाकतं. खरेदीच्या दिवशी सरळ चालणारा घोडा आठवड्याभरात लंगडू लागतो तो यामुळेही असू शकतो. शंका असेल तर खरेदीच्या दिवशीच डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना काढून ठेवा. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळे त्याचा अहवाल नसेल तर घोडा दुसऱ्यांच्या तबेल्यात बांधू नका.

काहीच सापडलं नाही तर घोड्याला लस झालेलीच नाही असं धरा. धनुर्वाताचे दोन डोस ४ ते ६ आठवड्यांच्या अंतरानं, मग वर्षाला एक. सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात रक्त, सर्र्यासाठी काचपट्टीवर घेतलेला रक्ताचा थेंब आणि लेंडीतली जंतांची अंडी यांच्या तपासणीची चौकशी करा, आणि ग्लँडर्ससाठी रक्तजल (सीरम) हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे कसं पाठवायचं तेही विचारून घ्या. अहवालाच्या फाइलवर पहिल्याच दिवशी घोड्याचे चारही बाजूंचे फोटो चिकटवा.