अंगठा उमटत नसेल तेव्हा

आधारसाठी दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा यांची नोंद घेतली जाते. तरीही रेशन दुकानातले मशीन नकार देऊ लागले की उजवा अंगठाच पुन्हापुन्हा दाबत राहायची आपल्याकडे रीत पडली आहे. वास्तविक नोंदणीच्या वेळी ठसे आधीच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात, पण पुढे प्रत्येक वेळी फक्त तुम्ही दिलेल्या क्रमांकाच्या नोंदीशीच मेळ घातला जातो, त्यामुळे दहापैकी कोणतेही बोट चालू शकते.

गवंडीकाम, भांडी घासणे आणि उतारवय यांमुळे बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि थंडीत कातडी कोरडी पडली की ठसा तुटक उमटतो. म्हणून आधी हात धुऊन पुसावेत, बोट फारच कोरडे असेल तर ओलसर फडक्यावरून एकदा फिरवावे आणि मशीनची काचही पुसून घ्यावी. बोट टोकावर उभे धरू नये, कारण रेषांचा मुख्य वळसा पेराच्या मध्यावर असतो. पेर सपाट टेकवून हलकेच दाबावे. वयस्कर माणसे काळजीपोटी फार जोर लावतात, त्याने रेषा पसरून ठसा आणखीच बिघडतो. अंगठ्यानंतर तर्जनी, मधले बोट आणि मग डावा हात अशा क्रमाने पाहावे. तरीही जमले नाही तर जिथे सोय असेल तिथे बुबुळ किंवा ओटीपी मागावा, आणि सवडीने आधार केंद्रात जाऊन ठसे अद्ययावत करून घ्यावेत. मुलांच्या बाबतीत हे काम वयाच्या 5व्या आणि 15व्या वर्षानंतर करावेच लागते.

निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्यासाठी बोटांवर अवलंबून राहण्याचे कारण उरलेले नाही, फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही तो मिळतो. घरातल्या कोणाच्या अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन्ही ॲप घ्यावीत, प्रथम फोन हाताळणाऱ्याने स्वतःची ओळख पटवावी, मग आजी-आजोबांचा आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) क्रमांक आणि बँक खाते क्रमांक भरावा. खिडकीकडे पाठ करून बसवू नये, उजेड चेहऱ्यावर हवा. सूचना येताच डोळ्यांची उघडझाप करायला सांगावे, कारण समोर छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे याची खात्री त्यातून केली जाते. मिळालेला प्रमाण क्रमांक (दाखल्याचा क्रमांक) डायरीत लिहून ठेवावा.

पासवर्ड बदलता येतो, ठसा बदलता येत नाही. दस्तावरच्या ठशावरून सिलिकॉनचे बोट बनवून खात्यातले पैसे काढल्याचे गुन्हे घडले आहेत, तेव्हा आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने प्रवेश करून बायोमेट्रिक लॉक लावणे शहाणपणाचे. मात्र लॉक असताना बोट, बुबुळ आणि चेहरा तिन्ही नाकारले जातात, म्हणून दुकानाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी ते उघडावे आणि काम झाल्यावर पुन्हा लॉक लागले आहे का ते पाहावे.