पोरगं आईस हॉकीत पुढे जायचं म्हणतंय? आधी जन्मतारीख बघा

कॅनडात, ब्रॅम्प्टनला नवीन आलेले मराठी आईबाप मला पहिला प्रश्न विचारतात तो एनएचएलचा, म्हणजे आईस हॉकीच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचा. अहो, पोरगं अजून बर्फावर पालथं पडतंय! आधी स्केट घ्या, तेही रोजच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान. 'वाढत्या पायाचे' म्हणून मोठे घेतलेत तर घोटा आत लटपटतो आणि पोराला स्केटच्या पात्याच्या कडेवर वळताच येत नाही. आम्ही तेच केलं, अख्खा हिवाळा वाया गेला.

मग जन्मतारीख. इथले वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे आमचा ऑक्टोबरचा मुलगा गटात कायम सगळ्यांत बुटका. पण एनएचएल ड्राफ्टला, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्याला, त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात. म्हणजे त्याला बरोबरीच्या पोरांपेक्षा एक वर्ष जास्त मिळतं. तेव्हा दहाव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून रडू नका.

अंगावर धडक द्यायची परवानगी तेराच्या गटापर्यंत नाही, त्यामुळे तोवर स्केटिंगच पक्कं करून घ्या.

सोळाच्या आसपास खरा फाटा फुटतो: ओएचएलसारखी (ऑन्टारियोची) ज्युनियर लीग की अमेरिकन कॉलेजची हॉकी? पूर्वी ज्युनियरला खेळलात की कॉलेजचं दार बंद. १ ऑगस्ट २०२५ पासून ते उघडलंय. गॅव्हिन मॅकेना हा गाजलेला पोरगा मेडिसिन हॅट या ज्युनियर संघातून थेट पेन स्टेट या अमेरिकन कॉलेजला गेला. ओएचएलमध्ये हंगामाला ६८ सामने, कॉलेजात त्याच्या निम्म्याच्या आसपास. बारीक अंगाच्या पोराला व्यायामशाळेसाठी वेळ हवा, म्हणून आमचा कल कॉलेजकडे.

आणि हो, हॉकीची बॅग घरात आणू नका. गॅरेजमध्येच उघडून वाळवा.