जवळजवळच्या झाडांमध्ये हॅमॉक बांधताना

पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या परिसरात मुक्कामाला गेल्यावर सावलीची चांगली जागा मिळते, पण झाडे मात्र अनेकदा एकमेकांना खेटून असतात. सुमारे 3.3 मीटर लांबीच्या हॅमॉकसाठी, म्हणजे टांगायच्या कापडी झुल्यासाठी, झाडांत 4 मीटर किंवा थोडे अधिक अंतर सोयीचे असते, कारण तो झाडांना बांधायच्या पट्ट्या आडव्या रेषेशी सुमारे 30 अंशांचा कोन करतात आणि प्रत्येक पट्टीवर साधारण झोपणाऱ्याच्या वजनाइतका ताण येतो.

अंतर 2.4 मीटरच असेल, तर ताण वाढत नाही, उलट कापड खोल लोंबते आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. अशा वेळी पट्टीची लांबी वाया न घालवता ती खोडाभोवती दोन-तीन वेढे देऊन संपवावी, हॅमॉकचे टोक खोडाच्या अगदी जवळ अडकवावे आणि गाठ जमिनीपासून सुमारे 160 सेंटीमीटर उंचीवर ठेवावी, म्हणजे बसायची जागा गुडघ्याच्या उंचीला येते. अंगाखालचे कापड मात्र तिरपे ताणून, शरीर तिरके ठेवूनच झोपावे. त्याने पाठीचा बाक बराच कमी होतो. तरीही अवघडले, तर एक टोक मागच्या तिसऱ्या झाडाला बांधणे हाच मला सर्वांत चांगला उपाय वाटतो.

साल सोलू नये म्हणून दोरीऐवजी किमान अडीच सेंटीमीटर रुंद पट्टीच वापरावी. दाजीपूरसारख्या अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नये.