जुनी झूम लेन्स मिररलेसवर लावताय? या चुका टाळा

फिल्मच्या जमान्यातली जुनी झूम स्वस्तात घेतली, मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर लावली, चार फोटो काढले आणि "छ्या, फालतू आहे" म्हणून कपाटात टाकली, हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय आणि स्वतःही केलंय की आता कोणी लेन्सला शिव्या घालायला लागलं की मी आधी विचारतो, अ‍ॅडाप्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली जोडणीची कडी) कुठला आणि सेटिंग काय ठेवलंय? बऱ्याचदा लेन्स बिचारी ठीक असते.

आधी किरकोळ गोष्टी उरकू. शटरच दाबला जात नाहीये? कॅमेऱ्याला वाटतंय की लेन्सच लावलेली नाही. सोनीत "रिलीज विदाउट लेन्स", फुजीत "शूट विदाउट लेन्स" चालू करा, काम झालं. अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) लहानमोठं करणारी रिंग फिरवली तरी उजेडात काहीच फरक पडत नाही? एम४२ (स्क्रूसारखी फिरवून बसवायची जुनी) लेन्स असेल तर तिच्यावर बऱ्याचदा ए/एम असं छोटं बटण असतं, ते एम वर हवं, आणि कॅननची एफडी (त्यांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची) लेन्स असेल तर अ‍ॅडाप्टरवरची लॉक-ओपनवाली रिंग बघा, ती ओपनवर राहिली की अ‍ॅपर्चरची पाती हलतच नाहीत, तुम्ही एफ/८ समजून बसता आणि फोटो सगळे फुल ओपनवर. समोरून आत बघत रिंग फिरवा, पाती मिटताना दिसली पाहिजेत.

आता मेन दुखणं. माझ्याकडे एक ३५-७० मिमीची झूम आहे, सेकंडहँड सोनी ए७ मार्क टू वर लावतो. गॅलरीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी, ७० ला फोकस केला तर टाकीच्या लोखंडी जिन्याच्या पायऱ्या मोजता येत होत्या, आणि फोकसला हात न लावता ३५ ला आलो तर सगळं पिठलं. तीन दिवस लेन्सला शिव्या दिल्या, शेवटी कळलं की अ‍ॅडाप्टर केसभर पातळ होता.

म्हणजे काय होतं बघा. एम४२ लेन्सला सेन्सर ४५.४६ मिमीवर हवा, सोनीच्या माउंटपासून (लेन्स बसते ती कडा) सेन्सर १८ मिमीवर, म्हणून अ‍ॅडाप्टर बरोब्बर २७.४६ मिमी जाड पाहिजे. स्वस्तातले बरेच अ‍ॅडाप्टर मुद्दाम जरा पातळ बनवतात, कारण पातळ असला तर इन्फिनिटी (अगदी लांबचा फोकस) नक्की मिळते आणि गिऱ्हाईक परत येत नाही. प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सला ते चालून जातं, इन्फिनिटीच्या खुणेच्या थोडं अलीकडे फोकस लागतो एवढंच. झूमला नाही चालत. हिशोब सोपा आहे, फोकल लेंथचा (लेन्सवरचा ३५, ७० असा मिमीतला आकडा) वर्ग भागिले अ‍ॅडाप्टरच्या जाडीतली चूक. चूक फक्त ०.१ मिमी धरली तर ७० मिमीला लांबची वस्तू रिंगवर सुमारे ४९ मीटरच्या जागी फोकस होते, तीच वस्तू ३५ ला सुमारे १२ मीटरच्या जागी, आणि २१० मिमीला ४४१ मीटर, म्हणजे तिथे चूक कळतच नाही. एकच रिंग, एकच वस्तू, पण प्रत्येक झूमला जागा वेगळी, मग झूम करताना फोकस सुटणार नाही तर काय!

उलटा प्रकार पण असतो. टेलीला (झूमच्या मोठ्या आकड्याला) इन्फिनिटी मिळतेय आणि वाइडला (लहान आकड्याला) काही केल्या मिळत नाही, तर अ‍ॅडाप्टर जाड आहे. त्यावर घरगुती इलाज नाही, सरळ बदलून घ्या. पातळ असेल तर मात्र जमतं. लेन्सकडच्या बाजूची चकती बऱ्याच अ‍ॅडाप्टरना तीन-चार बारीक स्क्रूंनी लावलेली असते, ती काढून खाली सेलोटेपचे सारखे तुकडे (एक थर साधारण ०.०५ मिमी भरतो) स्क्रूंच्या शेजारी सगळीकडे लावा. एकाच बाजूला लावलात तर लेन्स तिरकी बसेल आणि फोटोची एक कड कायम मऊ येईल, हे पण मी करून झालोय.

आणि काहीच खोलायचं नसेल तर फुकटातला उपाय म्हणजे सवय बदला. जुने लोक सांगतात फुल झूम करा, फोकस करा, मग मागे या, तसं इथे करायचं नाही. आधी फ्रेम ठरवा, मग त्याच झूमवर मॅग्निफाय करून फोकस करा. पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) रंगीत रेघांवर फार विसंबू नका, त्या जवळपास फोकस असला तरी चमकतात.

स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) असलेली बॉडी असेल तर फोकल लेंथ हाताने भरावी लागते, लेन्स काही सांगत नाही. मी २०० भरून विसरलो आणि दिवसभर ७० ला शूट केलं, कॅमेरा सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलवत राहिला, निम्मे फोटो हललेले. दरवेळी बदलायचा कंटाळा येत असेल तर कमीतला आकडा भरा, फायदा कमी होईल पण नुकसान नाही.

फोटो धुरकट येत असतील तर आधी समोरचा वर्षानुवर्षं अडकलेला यूव्ही फिल्टर काढा आणि हूड लावा, झूममध्ये काचा भरपूर, कोटिंग जुनं, बाजूचा उजेड आत नाचतो. तरी धुरकट असेल तर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च मारा, झूमची दोन्ही टोकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. घेतानाच हे करायचं खरं तर, धुळीचे चार कण असले तर सोडून द्या, जाळं असेल तर घेऊ नका, कारण झूम खोलून साफ करणारा माणूस शोधणं आणि त्याने सगळं परत नीट बसवणं, दोन्ही अवघड. आपल्याकडे कोकणात नाहीतर मुंबईत पावसाळ्याचे चार महिने म्हणजे बुरशीचं माहेरपण. आणि ती मूळ चामड्याची केस कितीही भारी दिसली तरी लेन्स तिच्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल, आणि आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या आसपास.

राहिलं पुढे-मागे सरकवायच्या झूमचं. खाली तोंड केलं की सुळकन घसरते, आतलं फेल्ट झिजलेलं असतं. पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या फाटक्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून घ्या, ती अर्धी रिंगवर आणि अर्धी मागच्या नळीवर चढवा. झूम बदलायची तेव्हा सरकवायची, परत बसवायची. दिसते अगदीच गावठी, पण माझी ७०-२१० दोन वर्षं त्याच पट्टीवर चाललीय.