पोट्ट्यांकडे परदेशात जाताना विमान मधात कुठं बदलायचं

आमच्या दारव्हा-दिग्रस भागात आता कोणाचं ना कोणाचं पोट्टं बाहेर आहे. कोणी डॅलसला, कोणी टोरांटोला, कोणी जर्मनीत मास्टर्स करून राह्यलं, अन् मायबाप बाळंतपणासाठी नाहीतर ग्रॅज्युएशन पाहायला जाऊन राह्यले. तिकीट पोट्टं तिकडं बसून काढते, मोबाईलवर सगळ्यात स्वस्त जे दिसलं ते. मुंबईहून रात्री अडीचचं विमान, मधात दोन ठिकाणी बदल, झालं. पण ज्या माणसाला जायचं आहे तो मुंबईत राहत नाही ना बाप्पा, तो गावातून एसटीनं किंवा किरायाच्या गाडीनं निघते, त्याचा प्रवास विमानतळाच्या आधी दहा-बारा तास सुरू झालेला असते. म्हणून माझं सांगणं हे आहे की मधलं विमानतळ निवडताना मोजणी घराच्या दारापासून करा. किती वेळा सामान उतरवून चढवावं लागते, किती वेळा बिल्डिंग बदलावी लागते, किती वेळा कोणाला तरी इंग्रजीत विचारावं लागते, हे मोजा अन् ज्या रस्त्यात हे सगळ्यात कमी तो रस्ता घ्या. चार-पाच हजार जास्त गेले तरी चालते.

पहिली गोष्ट म्हणजे सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर) पाहिजे. हे समजून घ्या कारण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. नागपूर ते मुंबई एक तिकीट वेगळं अन् मुंबई ते अमेरिका वेगळं असं काढलं तं पहिलं विमान लेट झाल्यावर दुसऱ्या एअरलाइनला त्याचं काही देणंघेणं नसते, ती म्हणते तुम्ही वेळेवर आले नाही, तिकीट गेलं. एकाच तिकिटावर असलं तं पुढच्या विमानात बसवून देणं ही एअरलाइनची जबाबदारी राहते. दुसरं सामानाचं. देशातल्या विमानात चेक-इनला बहुतेक 15 किलो भेटते, अन् अमेरिकेच्या तिकिटावर बऱ्याच वेळा 23-23 किलोच्या दोन बॅगा असतात (तिकिटावर पाहूनच घ्या, आता स्वस्त भाड्यात एकच बॅग देणारे पण आहेत). तिकीट एकच असलं तं नागपूरपासूनच मोठं वजन चालते, वेगळं असलं तं नागपूरच्या काउंटरवर वरच्या तीस किलोचे पैसे मोजा, म्हणजे जे वाचवले ते तिथंच गेले. वेबसाइटवर कुठं सेल्फ ट्रान्सफर असं लिहिलेलं दिसलं तं ते तिकीट मायबापासाठी घेऊच नका. त्याचा अर्थ मधात बाहेर या, बॅग घ्या, परत रांगेत लागा, सगळं तुमच्या भरोशावर.

आता भारतातून कुठून निघायचं.

नागपूरचं आपलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ, सोनेगावचं, तिथून दोहा अन् शारजाला थेट विमानं जात आली आहेत. तारखेला चालू आहे का, आठवड्यातून कोणत्या वारी आहे हे पाहून घ्यायचं. यवतमाळहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर, वर्धा तं त्याहून जवळ. दोहाचं विमान भेटत असेल तं मी दुसरं काही पाहतच नाही, कारण नागपूरला बॅग दिली की ती एकदम शेवटच्या देशात, इमिग्रेशनचा शिक्का नागपूरलाच, तिथली रांग छोटी, अन् काउंटरवरचा माणूस मराठी-हिंदीत बोलते. मुंबई-दिल्लीची कटकटच नाही. शारजाचं मात्र जपून. तिकडची स्वस्त एअरलाइन शारजापर्यंत चांगली, शारजात किंवा दुबईतच जायचं असेल तं उत्तमच, पण शारजाला उतरून दुबईहून वेगळ्या तिकिटावर पुढं अमेरिकेला, हा जो जुगाड पोट्टे काढतात तो नको. ती दोन वेगळी शहरं, दोन वेगळी विमानतळं. मधात बाहेर निघायचं म्हणजे युएईचा व्हिसा लागते, नाहीतर तिथं उतरल्यावर भेटणाऱ्या, म्हणजे ऑन-अरायव्हल व्हिसाच्या अटीत बसावं लागते, अन् सगळं सामान ओढत टॅक्सी करावी लागते.

वणी, पांढरकवडा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या लोकांनी हैदराबादचा विचार करावा, इकडं कोणी करत नाही म्हणून मुद्दाम सांगून राह्यलो. पांढरकवड्याहून 44 नंबरचा हायवे सरळ आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी करत हैदराबादला जाते, पुढं आउटर रिंग रोडनं शहरात न शिरता शमशाबादच्या विमानतळावर. तिथं देशातलं अन् परदेशातलं एकाच बिल्डिंगमध्ये आहे, टर्मिनल बदलायचा प्रश्नच नाही. दोहा, दुबई, अबुधाबी, लंडन, फ्रँकफर्ट सगळीकडची विमानं तिथून भेटतात. अन् नागपूरहून हैदराबादला विमानानं जाऊन पुढचं पकडलं तरी एकाच छताखाली काम होते. म्हाताऱ्या माणसासाठी मुंबईपेक्षा मला ते सोपं वाटते.

मुंबईबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, तिथं टर्मिनल 1 अन् टर्मिनल 2 वेगवेगळे आहेत, रस्त्यानं जावं लागते, चालत जायचं काम नाही. परदेशी विमानं टर्मिनल 2 वरून. नागपूरचं विमान टर्मिनल 1 ला उतरत असेल तं बाहेर या, बस नाहीतर टॅक्सी करा, ट्रॅफिकमध्ये अडका. दोन, आता नवी मुंबईचं विमानतळ पण 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालं, ते उलव्याला आहे, जुन्या मुंबई विमानतळापासून पार दूर, खाडीच्या पलीकडं. तिकिटावर शहराचं नाव दोन्हीला मुंबई दिसते, म्हणून कोड पाहा. जुन्याचा बीओएम, नवीचा एनएमआय. नागपूरहून एनएमआयला उतरवून बीओएमहून पुढं पाठवणारं तिकीट कितीही स्वस्त असो, नकोच. अमरावतीचं बेलोरा विमानतळ एप्रिल 2025 ला सुरू झालं, तिथून मुंबईचं छोटं विमान आहे, अमरावती-अचलपूर-दर्यापूरवाल्यांना ते जवळ पडते पण रोजचं धरून चालू नका, अन् बहुतेक वेळा ते तिकीट वेगळं काढावं लागते, म्हणजे वर सांगितलेली सगळी जोखीम आली.

कारंजा, मेहकर, सिंदखेडराजाकडच्यांना समृद्धी महामार्ग आहे, 701 किलोमीटरचा, 5 जून 2025 पासून पूर्ण खुला. गाडी करून मुंबईला जाता येते. पण रस्ता भिवंडीजवळ आमण्याला संपते अन् तिथून पुढं विमानतळापर्यंतचं ट्रॅफिक कोणाच्या हातात नाही, म्हणून आदल्या दिवशी पोहोचा. ट्रेननं जात असाल, विदर्भ एक्सप्रेस असो का अमरावतीची अंबा एक्सप्रेस, तरी हातात वेळ ठेवा. सकाळी ट्रेन उतरून त्याच रात्रीचं विमान, हे जमते. सकाळी ट्रेन अन् दुपारचं विमान, हे नाही.

दिल्ली. परदेशी विमानं टर्मिनल 3 वरून जातात. टर्मिनल 2 त्याच्या बाजूलाच आहे, पण टर्मिनल 1 काही किलोमीटर दूर. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत धुकं असते, सकाळची विमानं लेट होतात, रद्द होतात. त्या दिवसात दिल्लीमार्गे जायचंच असेल तं नागपूरहून दुपारचं विमान घ्या अन् मधात सहा-सात तास ठेवा. मुंबईत हेच जुलैच्या पावसाचं.

मधल्या देशाचं विमानतळ निवडताना आधी ट्रान्झिट व्हिसा पाहायचा, बाकी सगळं नंतर. लंडनला फक्त विमान बदलायचं असलं, एअरपोर्टच्या बाहेर निघायचं नसलं, तरी भारतीय पासपोर्टवाल्याला ट्रान्झिट व्हिसा लागते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा चालू व्हिसा असला तं बहुतेक वेळा सूट भेटते. कॅनडात विमान बदलायला पण व्हिसा लागते. अन् अमेरिकेत तं ट्रान्झिट नावाची भानगडच नाही, तिथं पाय ठेवला की इमिग्रेशन, म्हणून दुसऱ्या कोणत्या देशाला जाताना मधात अमेरिका असेल तरी अमेरिकेचा व्हिसा पाहिजे. युरोपात देशादेशाचे नियम वेगळे आहेत अन् ते बदलत राहतात, तं तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या एम्बसीच्या साइटवर अन् एअरलाइनच्या साइटवर दोन्हीकडं पाहा, ओळखीच्या माणसाचं तीन वर्षांपूर्वीचं ऐकून काढू नका. नागपूरच्या काउंटरवर व्हिसा नाही म्हणून थांबवलं तं तिकिटाचे पैसे परत मिळायची आशा ठेवू नका. शिक्षणाला गेलेल्या पोट्ट्यांनी अजून एक पाहायचं, जाताना व्हिसा चालू होता म्हणून सूट भेटली, परत येताना तो संपलेला असेल तं तीच सूट भेटेलच असं नाही.

आखाती देशांच्या विमानतळांवर, म्हणजे दोहा, दुबई, अबुधाबीला, आतल्या आत विमान बदलायला व्हिसा लागत नाही, म्हणून आपल्या लोकांसाठी मी आधी तेच पाहतो. दोहाला टर्मिनल एकच आहे, मधोमध मोठं पिवळं अस्वल आहे, मायबापाला सांगता येते की चुकल्यासारखं वाटलं तं त्या अस्वलापाशी जाऊन युनिफॉर्मवाल्याला बोर्डिंग पास दाखवा. अबुधाबीचा एक वेगळा फायदा आहे, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथंच होते. अमेरिकेचे अधिकारी अबुधाबीलाच बसलेले असतात, तिथं शिक्का झाला की अमेरिकेत उतरल्यावर माणूस सरळ बाहेर, देशातल्या प्रवाशासारखा. ज्यांना अमेरिकेत उतरून परत एक छोटं विमान पकडायचं आहे त्यांच्यासाठी हे लय कामाचं, फक्त अबुधाबीला तीन-चार तास हातात ठेवा. बाकी बहुतेक रस्त्यांनी गेलं तं अमेरिकेत जिथं पहिल्यांदा उतरता तिथं इमिग्रेशन करून बॅग पट्ट्यावरून घ्यावी लागते अन् परत द्यावी लागते, भलेही नागपूरला सांगितलं असेल की बॅग शेवटपर्यंत जाईल. म्हणून होता होईल तो मुलगी ज्या शहरात आहे त्याच शहरात किंवा गाडीनं दोन-तीन तासावर दोहा-दुबईहून थेट उतरणारं विमान पाहा, जावई घ्यायला येईल, ते त्या छोट्या विमानापेक्षा बरं.

मधात किती वेळ पाहिजे? एकट्या जवान पोट्ट्याला दोन तास पुरतात. साठीच्या वरच्या माणसाला तीन ते पाच. एक तासाचं कनेक्शन वेबसाइट विकते म्हणून घेऊ नका, अन् अकरा-बारा तासाचं पण नको, खुर्चीवर बसून पाय सुजतात. आखाती देशांतली विमानं कधीकधी एकदम बंद पडतात हे पण खरं, 16 एप्रिल 2024 ला दुबईत पाऊस झाला तेव्हा अन् 23 जून 2025 ला कतारनं आकाश बंद केलं तेव्हा लोक अडकले. म्हणून हातातल्या बॅगेत दोन-तीन दिवसाच्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी, एक ड्रेस किंवा लुगडं ठेवायचंच.

अन् बॅगेत काय भरता ते मधल्या देशावर पण अवलंबून आहे. खसखस युएईत बंद आहे, त्यापायी लोक जेलमध्ये गेलेले आहेत, सावजी मसाल्यासाठी म्हणून पुडी टाकू नका. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या, तिथं हे पण आधी परवानगी घेतल्याशिवाय चालत नाही. सुकं खोबरं तं आपल्याच विमानतळावर चेक-इन बॅगेतून काढून टाकतात, तेलामुळं आग लागायची भीती असते म्हणून. लोणचं हातातल्या बॅगेत नाही, मोठ्या बॅगेत, चांगलं पॅक करून.

व्हीलचेअर मागायला लाजू नका. चालता येत असलं तरी मोठ्या विमानतळावर गेट पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्यावर असते, अन् व्हीलचेअरवाला माणूस सिक्युरिटीपासून गेटपर्यंत सोबत राहते, ज्याला इंग्रजी येत नाही त्याला तोच खरा आधार. तिकीट काढतानाच, नाहीतर दोन दिवस आधी एअरलाइनला फोन करून सांगायचं, बहुतेक वेळा पैसे लागत नाहीत. शाकाहारी जेवण पण तेव्हाच नोंदवा, एव्हीएमएल म्हणजे आपल्यासारखं मसाल्याचं व्हेज.

गावातल्या एका मावशीला मी एक कागद करून दिला होता, तसा तुम्ही पण करा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वर मोठ्या मराठी अक्षरात तिचं नाव, कोणत्या गावात विमान बदलायचं, दुसऱ्या विमानाचा नंबर, मुलीचा पत्ता अन् फोन, अन् खाली तेच सगळं इंग्रजीत, त्यात एक ओळ की मला मराठी-हिंदी येते, मला माझ्या गेटवर सोडा. पुठ्ठ्याला भोक पाडून दोरी लावली, पासपोर्टच्या पाकिटासंग गळ्यात. नागपूरच्या काउंटरवर बॅगेला चिठ्ठी लावतात तेव्हा त्यावरचे तीन मोठी अक्षरं तिला पुठ्ठ्यावरच्या अक्षरांशी जुळवून पाहायला शिकवलं होतं, डॅलसचे डीएफडब्ल्यू. जुळले नाही तं बॅग पट्ट्यावर जायच्या आधीच विचारायचं. दोहाला वायफाय फुकट आहे पण व्हॉट्सअ‍ॅप कॉल तिकडं लागेलच असं नाही, लागला नाही म्हणून घाबरायचं नाही, व्हॉइस मेसेज जाते, तो पाठवायचा.

येतानाचा रस्ता वेगळा तपासा, जातानाचा चांगला म्हणून येतानाचा चांगला असेलच असं नाही. परदेशातून मुंबई किंवा दिल्लीला पहिले उतरलं तं साधारणपणे तिथंच इमिग्रेशन, बॅग घेणं, कस्टम, मग परत बॅग देऊन नागपूरचं विमान, त्याला चार तास पाहिजेच. थेट नागपूरला उतरलं तं हे सगळं नागपूरलाच होते अन् बाहेर गाडी उभी. ही विमानं बहुतेक रात्री-पहाटे येतात, तं गाडीवाल्याला उतरल्यानंतर तासाभरानं बाहेर निघतील असं सांगून ठेवा अन् त्याचा नंबर त्या पुठ्ठ्यावर लिहा. सहा महिन्यात मायबापाच्या इथल्या सिमचा रिचार्ज संपलेला राहते, तो विमानात बसायच्या आदल्या दिवशी इकडून कोणीतरी मारून ठेवा.